पंधराचा वर्ग

पदव्युत्तर मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला आहे : अमुक आणि तमुक यांच्या आत्मचरित्रांची तुलना करा. आम्ही दोघांनीही तो विद्यार्थी म्हणून सोडवला, पुढे परीक्षक म्हणून काढला आणि त्याच्या उत्तरांचे गठ्ठे उन्हाळ्याच्या सुट्टीत तपासले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना ओघात पंडिता रमाबाईंचे नाव येते आणि वर्गातून कोणीतरी विचारतेच, की या दोघींत मोठ्या कोण? या प्रश्नाला आम्ही आजवर बरीच चतुर उत्तरे दिली. एक लेखिका म्हणून मोठ्या, दुसऱ्या कार्यकर्त्या म्हणून, एकींची भाषा माजघरातली, दुसऱ्यांची पाठशाळेतली, वगैरे. विद्यार्थी ती उतरवून घेतात आणि परीक्षेत आमच्याच हाती परत देतात. गेल्या वर्षी मात्र रमाबाईंचे एक छोटे पुस्तक पुन्हा वाचताना ध्यानात आले, की ज्यांना आपण असे तोलत बसतो त्या रमाबाईंनी स्वतःच आयुष्याचा पूर्वार्ध तोलण्यात घालवला होता आणि त्यातून त्या कशा बाहेर पडल्या याची हकीकत त्यांनीच लिहून ठेवली आहे. त्या हकिकतीतला एक कळीचा प्रसंग आमच्या रोजच्या वाटेवर, लोणावळ्याला घडलेला आहे.

पुण्याहून निघालेली लोकल तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली करीत लोणावळ्याला पोचते. या गाडीत आमची नोकरीची बरीच वर्षे गेली. मळवलीला उजवीकडे कार्ल्याचा डोंगर, डावीकडे भाज्याची लेणी, मागे लोहगड-विसापूर, खाली इंद्रायणी. या परिसराला एकांताची जुनी सवय आहे. भिक्षूंनी येथे वर्षावासासाठी लेणी खोदविली; 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढले तेही लोणावळ्यालाच. या दोहोंच्या मधल्या काळात, म्हणजे 1863 साली भोर घाटातील रेल्वेमार्ग खुला झाल्यावर, मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतील मिशनरी व ख्रिस्ती मंडळी प्रार्थनामेळाव्यांसाठी येथे जमू लागली. चार दिवस तंबूत राहायचे, प्रवचने ऐकायची, प्रार्थना करायची, अशी ही अमेरिकी वळणाची प्रथा. जुन्या इंग्रजी कागदांत गावाचे नाव ‘लनौली’ असे काहीतरी लिहिलेले आढळते, त्यामुळे पुष्कळ वाचकांना ते आपलेच लोणावळे हे चटकन उमगत नाही. आम्हालाही पहिल्या वाचनात उमगले नव्हते.

ज्या पुस्तकाविषयी आम्ही बोलत आहोत ते ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’. 1907 साली रमाबाईंनी ते इंग्रजीत लिहिले. न आटणाऱ्या ठेव्याची साक्ष, असा त्या नावाचा अर्थ सांगता येईल. मराठीच्या अभ्यासकांनी त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. एक तर ते इंग्रजीत, शिवाय भक्तिपर. आणि सुधारणेच्या इतिहासाला हवी असलेली रमाबाई ‘स्त्रीधर्मनीति’ (1882), ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (1887) आणि ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (1889) या पुस्तकांत मिळून जाते. पुढची रमाबाई आपल्याला अडचणीची वाटते. मीरा कोसंबी, उमा चक्रवर्ती, गौरी विश्वनाथन यांच्या अभ्यासामुळे ही अडचण पुष्कळ कमी झाली, तरी वर्गात आपण अजून 1889 पाशीच थांबतो.

रमाबाईंच्या तुलनाबुद्धीचे मूळ त्यांच्या बालपणात आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, तिने मुलीला. 1858 साली गंगामूळच्या अरण्यात जन्मलेली ही मुलगी तीर्थयात्रेतच वाढली. पुराणे सांगावीत, मिळेल ते दानधर्मात घालावे, पुढच्या क्षेत्री जावे, असा या कुटुंबाचा क्रम होता. मग 1870 नंतरच्या दशकातला मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. रमाबाईंनी या उपासमारीचे जे वर्णन केले आहे त्यात दारिद्र्याहूनही एक गोष्ट अधिक झोंबते. हे कुटुंब मजुरी करू शकत नव्हते, कारण शास्त्राखेरीज कोणतेही काम त्यांना शिकवलेलेच नव्हते. आणि मजुरी वा भिक्षा मागणे त्यांच्या प्रतिष्ठेलाही मानवत नव्हते. आपण इतरांपेक्षा वरचे, ही जाणीव पोटात भूक असतानाही शाबूत होती. वडील, आई आणि मोठी बहीण थोड्या थोड्या अंतराने गेली. स्वतःला इतरांशी ताडून पाहण्याची सवय आपण फार तर मनाचा कमकुवतपणा मानतो. येथे तिने माणसांच्या जिवाशी गाठ घातलेली दिसते. रमाबाई हे कडवटपणे लिहीत नाहीत, पण लपवीतही नाहीत.

उरलेल्या दोघा भावंडांनी सुमारे 4000 मैल पायी प्रवास केला आणि 1878 साली ती कलकत्त्याला पोचली. तेथे विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. येथून त्यांच्याशी दुसऱ्यांनी केलेल्या तुलनांचा काळ सुरू होतो. कोणी गार्गी म्हणाले, कोणी मैत्रेयी. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या कायस्थ वकिलाशी विवाह झाला आणि 1882 च्या आरंभी वैधव्य आले. मांडीवर मनोरमा. पुण्यात आल्यावर आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढील साक्ष, आणि 1883 साली इंग्लंड. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात जो गहजब उडाला तो सर्वांना ठाऊक आहे. जोतीराव फुल्यांनी 1885 च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, हे तितकेसे ठाऊक नसते.

याच सुमारास आणखी एक तुलना सुरू झाली. आनंदीबाई जोशी या रमाबाईंच्या नात्यातल्या. मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियाला त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली तेव्हा रमाबाई त्या समारंभाला मुद्दाम गेल्या होत्या. पुढच्याच वर्षी आनंदीबाईंचा पुण्यात अंत झाला. परदेशी जाऊनही धर्म न सोडलेली एक आणि सोडलेली दुसरी, अशी जोडी मराठी मनाने तेव्हा जी लावली ती अजून पूर्णपणे मोडलेली नाही. आमच्या वर्गातही ती डोके वर काढते.

पण ‘साक्षी’मधला खरा चकवा पुढे आहे. धर्मांतरानंतर आपल्याला शांती मिळाली असे रमाबाई म्हणतच नाहीत. त्या म्हणतात त्याचा आशय असा, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यापर्यंत त्या पोचल्या त्याच मुळी तुलनेच्या वाटेने. कलकत्त्यात धर्मशास्त्रे वाचताना, स्त्रियांविषयी ही सारी शास्त्रे कशी एकमुखाने बोलतात, हे त्यांना दिसले होते. इंग्लंडात फुलहॅम येथे जोगिणींनी चालविलेले ‘पतित’ समजल्या गेलेल्या स्त्रियांचे आश्रयस्थान त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांना कोणी जवळ करते, हे आपल्या शास्त्रांत कोठेही नाही, असे त्यांच्या मनाने घेतले आणि शोमरोनी स्त्रीच्या कथेने तिढा सुटला. हा एका शास्त्रीबाईंचा तौलनिक निष्कर्ष होता. तो प्रामाणिकही होता. अडचण अशी, की तुलनेने मिळालेला निष्कर्ष पुढच्या तुलनेने डळमळू शकतो. झालेही तसेच. ख्रिस्ती जगात पाऊल ठेवल्यावर तेथेही पंथ, उपपंथ, प्रत्येकाचा आपलाच खरा मार्ग असल्याचा दावा, हे सारे त्यांच्यापुढे आले, आणि हिंदू धर्मातल्या मतमतांतरांची त्यांना आठवण झाली. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार (ए. बी. शहा यांनी संपादित केलेला, 1977) वाचताना हे पानोपानी जाणवते. त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद, बिशपांच्या अधिकारावर वाद, क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, यावरही वाद. या वादांत रमाबाईंची बाजू आम्हाला बहुतेक ठिकाणी पटते. तरीही त्या पत्रांतून एक दमलेले मन डोकावते. पुण्यातल्या ब्राह्मणांना त्या पुरेशा हिंदू नव्हत्या आणि इंग्लंडातल्या जोगिणींना पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या.

1889 साली मुंबईत शारदा सदन निघाले, 1890 मध्ये ते पुण्याला आले. पुढे 1891 मध्ये विल्यम हॅस्लम यांचे आत्मचरित्र त्यांच्या हाती आले. हे हॅस्लम इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमधले पाद्री. 1851 साली एका रविवारी ते व्यासपीठावरून उपदेश करीत असताना, जे आपण सांगतो आहोत ते आपल्यालाच लाभलेले नाही, असे त्यांना एकाएकी उमगले, आणि श्रोत्यांनी पाद्रीसाहेबांचेच परिवर्तन झाले असा गलका केला, अशी त्यांची कथा आहे. (अध्यापकाने ही गोष्ट जरा जपून वाचावी. व्याख्यानाच्या मध्यावर असे काही उमगण्याचा धोका आमच्या व्यवसायातही आहे.) रमाबाईंना या कथेत स्वतःचे चित्र दिसले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली होती. ग्रंथ वाचून झाले होते, वाद जिंकून झाले होते. आता त्यांनी आपली योग्यता सिद्ध करण्याचा खटाटोप सोडला आणि जशी आहे तशी स्वीकारली गेले आहे, या भरवशावर टेकल्या. ‘साक्षी’तला हा भाग वाचताना त्यांची भाषा एकदम साधी होते. जे वाक्य आधी तीन उपवाक्ये घेऊन चालत होते ते एका श्वासात संपते. भाषांतर करू पाहताना हा फरक आम्हाला विशेष जाणवला.

हा भरवसा लगेच कसाला लागला. 1893 साली सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत यावरून वादळ उठले. ‘केसरी’ची टीका आधीपासून होतीच, आता रानडे आणि भांडारकर यांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली घरी नेल्या. ज्या सुधारकांच्या मान्यतेवर सदन उभे होते ती मान्यता गेली. सल्लागारांचा आक्षेप निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. संस्था धर्मनिरपेक्ष राहील असे आश्वासन होते, आणि रमाबाई आपल्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे ठेवीत असत. उघडे दार हे निमंत्रण मानायचे की नाही, यावर दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे बोलता येते. आमच्या दोघांतही यावर एकमत नाही. एकाचे घर वारकरी, दुसऱ्याचे ख्रिस्ती, आणि गंमत म्हणजे मते घराप्रमाणे पडलेली नाहीत.

याच काळात रमाबाई तीन चरित्रे वाचत होत्या : ब्रिस्टलला अनाथगृह चालविणारे जॉर्ज म्युलर, चीनमध्ये मिशन काढणारे हडसन टेलर आणि न्यू हेब्रिडीज बेटांवर गेलेले जॉन पेटन. तिघांचा विशेष हा, की कोणाकडे पैसा न मागता केवळ प्रार्थनेच्या बळावर त्यांनी कामे चालविली. हे वाचून रमाबाईंच्या मनात पहिली प्रतिक्रिया उठली ती तुलनेचीच. इंग्लंडात घडते, चीनमध्ये घडते, मग हिंदुस्थानातच कोणी असे काम का उभारीत नाही? त्यावर आतून जे उत्तर आले ते त्यांनी नोंदविले आहे. दुसऱ्या कोणी करावे अशी इच्छा धरण्यापेक्षा तू स्वतःच का आरंभ करीत नाहीस, असा त्याचा आशय. आमच्या मते ‘साक्षी’चा कणा या प्रसंगात आहे. म्युलर मोठे की मी, हा प्रश्न येथे सुटत नाही. तो गैरलागू होतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पेत्र दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवून याचे काय होणार असे विचारतो आणि त्याला स्वतःच्या वाटेने चालायला सांगितले जाते, तो प्रसंग येथे ख्रिस्ती वाचकाला आठवल्याशिवाय राहत नाही.

आता लोणावळा. 1896 च्या मेळाव्याला रमाबाई आपल्या शाळेतील ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुलींना घेऊन आल्या होत्या. एके दिवशी पहाटेच त्या रानात एकांतात प्रार्थनेला गेल्या. पंधरा मुलींबद्दल त्यांनी आभार मानले, आणि मग त्यांच्या तोंडून एक चमत्कारिक मागणे निघाले : पुढच्या मेळाव्यापर्यंत या संख्येचा वर्ग व्हावा. पंधराचा वर्ग 225. हिशेब करून पाहिल्यावर त्या स्वतःच चकित झाल्या, कारण शाळेत मुळात तेवढ्या मुलीही नव्हत्या. तेव्हा यिर्मयाच्या ग्रंथातील, देवाला अवघड असे काही आहे काय, या अर्थाचे वचन त्यांना आठवले आणि त्यांनी शंका बाजूला ठेवली.

या प्रसंगाने आम्हाला बरेच दिवस अस्वस्थ केले. ज्यांनी तुलना खाली ठेवली असे आपण म्हणतो त्याच येथे आकडा मागतात. लीलावतीच्या पानातले वाटावे असे हे मागणे! विश्वासाने स्वस्थता आली असेल तर संख्येची हाव कशाला? पुढे आमच्या लक्षात आले ते इतकेच, की त्या पहाटेच्या हिशेबात दुसरी कोणतीही संस्था नाही. पुण्यात त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विधवांच्या आश्रमाची मुहूर्तमेढ रोवली होती. त्यांच्या पत्नी आनंदीबाई तर शारदा सदनाच्याच विद्यार्थिनी. सदनावर विश्वास न उरलेल्यांना आता ‘आपला’ आश्रम मिळणार होता. स्पर्धेचा हिशेब मनात यायला याहून सोयीची वेळ नव्हती. रमाबाईंच्या लेखनातल्या त्या पहाटेत मात्र पंधराची सांगड पंधराशीच घातलेली आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या आल्या. रमाबाई तिकडे गेल्या. स्वतःच्या उपासमारीची आठवण त्यांना तेथे कशी झोंबली हे त्यांनी लिहिले आहे. सुमारे 300 मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून दौंड तालुक्यातील केडगावला आधीच घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय झाली आणि ‘मुक्ती’ उभी राहिली. 225 चा आकडा ओलांडला गेला. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर वस्ती 2000 च्या घरात पोचली.

येथे थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. रमाबाईंसाठी ते प्रार्थनेचे उत्तर होते. त्या मुलींसाठी तो दुष्काळ होता. आईबाप गमावलेल्या, पाय ओढीत आलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य कितपत होते, हा प्रश्न विचारणे भाग आहे, आणि त्या मुलींचे शब्द आपल्यापर्यंत येतात ते बहुधा संस्थेच्याच छापील पत्रकांतून. रमाबाईंची निश्चिंतता खरी मानूनही हा प्रश्न मिटत नाही. त्याच वेळी हेही पाहावे, की ज्या गोष्टीने डोंगरे कुटुंबाचा घात केला तीच त्यांनी केडगावात उलटी फिरविली. मुक्तीत प्रत्येकीला हाताचे काम शिकावे लागे : शेती, विणकाम, तेलघाणा, गोठा, छापखाना. कोणत्याही जातीच्या मुलीला कोणतेही काम. शास्त्र येते म्हणून खुरपे धरणार नाही, असे म्हणण्याची सोय तेथे उरली नाही.

पैशाची गोष्ट याहून बोलकी आहे. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते. ती मुदत 1898 साली संपत होती. ‘साक्षी’च्या शेवटाकडे रमाबाई आपला ताळेबंद मांडतात तो असा : बँकेत खाते नाही, ठेव नाही, ठरलेले उत्पन्न नाही, रोजच्या गरजेपलीकडे पैही शिल्लक नाही, आणि आम्ही आनंदात आहोत. पुस्तकाच्या नावातला ‘ठेवा’ तो हाच. दर वर्षी स्वतःची गुणसंख्या तक्त्यात भरून सहकाऱ्यांच्या तक्त्याकडे तिरक्या डोळ्यांनी पाहणाऱ्या आमच्यासारख्या अध्यापकांना हा ताळेबंद दोनदा वाचावा लागला.

तुलना त्यांच्या आयुष्यातून कायमची गेली असे मात्र नाही. 1905 च्या आरंभी वेल्समधल्या जागृतीच्या वार्ता ऐकून त्यांनी मुक्तीत प्रार्थनागट सुरू केला आणि जूनअखेरीस तेथेही तशीच भावनावेगाची लाट आली. तिकडे घडले, येथे का नाही, हा धागा येथेही आहेच. पण म्युलरांचे चरित्र वाचताना जे झाले तेच पुन्हा झाले : हुरहुर फार वेळ हुरहुर राहिली नाही, मागणे झाली, मग काम झाली.

नारायण वामन टिळकांचे उदाहरण येथे आठवते. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगितले; 1917 साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. तुकोबांची इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरातूनच निघते. टिळकांचे पुत्र देवदत्त यांनी रमाबाईंचे मराठी चरित्र 1960 साली लिहिले, आणि त्यांच्या आई लक्ष्मीबाई म्हणजे आपल्या प्रश्नपत्रिकेतल्या दुसऱ्या नायिका. लक्ष्मीबाईंना 1900 साली बाप्तिस्मा घ्यायला पाच वर्षे लागली. सोवळ्याची एकेक गाठ त्यांनी आपल्या हाताने, हसत-रडत सोडली. त्यांच्या वाटेवर हॅस्लमही नाहीत आणि शास्त्रार्थही नाही. या दोघींना एका उत्तरपत्रिकेत बसविताना आमचे हात आता जरा अडखळतात.

रमाबाईंची शेवटची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत, त्या एकट्या हे काम करीत होत्या. साहित्यगुणांत ते भाषांतर इतरांच्या तुलनेत कोठे बसते यावर मतभेद आहेत. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 साली केडगावच्या छापखान्यात छापून झाला. त्याचे खिळे जुळविणाऱ्या आणि पाने शिवणाऱ्या स्त्रिया मुक्तीतल्याच होत्या. त्यांतल्या पुष्कळ जणी दुष्काळातून आलेल्या.